झूराकानने रडून सांगितलेलं

झूराकानचं शेजाऱ्यांशी पटायचं नाही असं नव्हे, पण तिचं तोंडच असं की पटलेलंसुद्धा भांडणासारखं ऐकू यायचं. बिश्केकच्या कडेला, मोठ्या रस्त्यापासून कालव्यापर्यंत गेलेल्या त्या अरुंद गल्लीत ती सून म्हणून आली आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कढया घासता घासता म्हातारी झाली. गल्लीला तोंड एकच, पलीकडे कालवा. दोन मोटारी समोरासमोर आल्या की वयाने धाकटा असेल त्याने मागे घ्यायची, हा तिथला कायदा. दोघे एकाच साली जन्मलेले निघाले तर निवाडा झूराकानच्या फाटकाशी व्हायचा.

"तो फेब्रुवारीतला, तू नोव्हेंबरचा. घे मागे."

"वहिनी, माझ्या मागे उतार आहे."

"मग आईला सांगायचं होतंस, लवकर काढ म्हणून."

कालव्याकाठची बंद पडलेली बालवाडी विकली गेली. तिथे बारा-बारा मजल्यांचे दोन मनोरे उठणार आणि त्यांतल्या सगळ्या गाड्या याच गल्लीतून ये-जा करणार, असं कळलं. कंपनीच्या नकाशात गल्लीला 'प्रवेशमार्ग' म्हटलं होतं. झूराकान पेटलीच. तिचा नवरा जुमादिल काळजाचा दुखणाईत. दोन हिवाळ्यांत दोनदा त्याला रात्री उचलून न्यावं लागलं होतं, आणि दोन्ही वेळा रुग्णगाडी सरळ फाटकाला लागली म्हणून तो घरी परतला होता. गल्ली तुंबली की माणूस गेला, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती फाटकाफाटकांतून फिरली. मनोऱ्यांवरच्या हरकतींची सुनावणी शुक्रवारी अकराला, रस्त्यापलीकडच्या शाळेत. "मी बोलते," ती सगळ्यांना सांगे, "तुम्ही नुसते खुर्च्यांवर बसा. तेवढं तरी जमेल ना ढुंगणाला?"

बुधवारी सकाळी चहाची वाटी हातात असतानाच जुमादिल गेला. गाडी बोलवायलाही त्याने उसंत दिली नाही.

रीतीप्रमाणे गल्लीतच बुरणुसाचा गोल तंबू उभा राहिला. आत पडद्यामागे जुमादिल, आणि काळे कपडे घालून, दाराकडे पाठ करून झूराकान. विधवेने उठायचं नाही, बाहेर जायचं नाही, पुरुषांशी साधं बोलायचं नाही. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून विलाप गायचा. बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून उभे, येणाऱ्यासोबत रडायला.

शुक्रवार उजाडला. दुपारच्या नमाजानंतर मयत उचलायची होती. दहा वाजता झूराकानने शेजारी बसलेल्या नणंदेला, कालबूबूला, कोपराने ढोसलं.

"सागिनालीला सांग, माणसं घेऊन शाळेत जा. तासाभरात परत याल."

सागिनाली शेजारच्या घरचा, गल्लीत सगळ्यांत वडील, आणि स्वतःही छातीला हात लावून चालणारा. कालबूबू गेली आणि चेहरा पाडून परतली.

"वहिनी, ते म्हणतात, तुझं डोकं ठिकाणावर नाही. जुमादिलला इथे टाकून आम्ही सभेत बसायचं? नारिनहून त्याचे भाऊबंद आलेत. 'हे असले शेजारी' म्हणून थुंकतील तोंडावर."

"म्हणावं, थुंकी पुसता येते."

"असं कसं सांगू त्यांना?"

उभं राहून चार शब्द सुनवायला झूराकानचे पाय शिवशिवत होते. तेवढ्यात बाहेर आरोळी उठली, नवे लोक आले होते. तिने कमरेवर मुठी ठेवल्या आणि विलाप लावला. आधी नवऱ्यासाठी. मग, पहिल्यांदाच, बाहेरच्यांसाठी.

"दोनदा आली पांढरी गाडी, दोनदा आणलं तुला घरी,
उद्या येईल ती कुणासाठी, उभी राहील रस्त्यावरी.
काठ्या टेकून उभे दीर हो, उठा, शाळेची वाट धरा,
गल्ली गेली जर हातची, मग तंबू कुठे उभा करा?
माझ्या राजाला घाई नाही, तो थांबेल तासभर,
जा, बाबांनो, जा तिकडे, खुर्च्या रिकाम्या, उघडं दार."

तिने कधी गायलं नव्हतं तसं गायलं. शब्द न् शब्द सुटा, बाहेर ऐकू जाईल असा. कनातीपलीकडे हुंदके फुटले. सागिनालीचा घोगरा रडका आवाज तिने ओळखला. पावलं हलतात का म्हणून ती कान देऊन बसली. एकही हललं नाही.

कालबूबू डोळे पुसत वाकली. "काय गायलीस गं वहिनी. नारिनचे म्हणतात, असा विलाप ऐकला नव्हता."

झूराकानने भिंतीला कपाळ टेकलं. मग ती खरंच रडली, शब्दांवाचून.

संध्याकाळी, दफन आटोपल्यावर, शाळेच्या शिपाईणबाईने येऊन सांगितलं. सुनावणीच्या साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांना विचारलं, कुणाची हरकत आहे का, आणि पुढचं वाचायला घेतलं.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणापर्यंत बालवाडी पाडायला ट्रक लागले होते. त्या दिवशी गल्ली ट्रकांनी तोंडापासून शेवटापर्यंत भरून होती. कुणाचं वय विचारायची सोयच उरली नव्हती. पाहुण्यांनी गाड्या मोठ्या रस्त्यावर सोडल्या, घोड्याचं मांस आणि तळलेल्या बोरसोक-पावांची तसराळी हातांवर वाहून आणली. सागिनाली तब्येत दाखवून परतत होता. टॅक्सीवाल्याने त्यालाही रस्त्यावरच उतरवलं. झूराकानच्या फाटकाशी तो आला तेव्हा ओठ निळे पडले होते. ओट्यावर बसून तो बराच वेळ नुसता श्वास गोळा करत राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "हे इतकं होणार, ते तेव्हा नीट सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं, भाऊजी."

"कधी?"

"तुम्ही रडत होतात."

त्याला काही कळलं नाही. त्याने पुन्हा छातीला हात लावला. तिने त्याला पाणी दिलं आणि रुग्णगाडी लागलीच तर वाट असावी म्हणून ट्रकला बाजूला व्हायला सांगायला ती स्वतः गल्लीत उतरली.

ट्रकवाल्याने काच खाली केली. "कुठे घेऊ, आजी?" तो विचारत होता, आणि खरंच, मागे-पुढे कुठेही जागा नव्हती.