चौतीस श्वास

सकाळची ड्युटी दोनला संपते आणि अडीचला माझ्यातली मास्तरीण जागी होते. सकाळी मी लोणावळ्यातल्या एका हॉस्पिटलात सिस्टर, आणि आठवड्यातून तीन दुपारी वराळ्याजवळच्या नर्सिंग कॉलेजात तासिका तत्त्वावरची मॅडम. शनिवारी कॉलेजच्या मुलीच माझ्या वॉर्डात येतात, तेवढी लोकलने घोरावाडी स्टेशनपर्यंतची धावपळ वाचते. पण अडीचपर्यंत पाय सुजलेले असतात, आवाज बसलेला असतो, आणि माया तर केव्हाच संपलेली असते.

त्या शनिवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रत्येकीला एक पेशंट. ताप, नाडी, श्वास, बीपी घ्यायचं आणि कागदावर लिहायचं. श्वास मोजायची युक्ती मी पहिल्याच तासाला शिकवते. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, तसंच धरून गुपचूप छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोजायचं. आपले श्वास मोजतायत हे कळलं, की पेशंटचे श्वास बदलतात. शिकवते खरी, पण वॉर्डात ते एक मिनिट असतं कुणाकडे? सगळ्याजणी वीस लिहून मोकळ्या होतात.

कागद तपासायला बसले. अठरा, वीस, वीस, अठरा. आणि एकीचे चौतीस. ही पवन मावळातली मुलगी याच परीक्षेत एकदा नापास झालेली. आज पुन्हा झाली असती तर वर्ष जाणार होतं. माझं डोकंच फिरलं. तिच्या वाट्याच्या आजी तर उशीला टेकून चहा पीत होत्या. मी लाल पेनाने त्या आकड्यावर काट मारली.

“चौतीस श्वास घेणारं माणूस असं चहा पीत बसतं का गं?”

“मॅडम, मी दोनदा मोजलं,” ती खाली बघत म्हणाली. “पूर्ण मिनिट. चौतीसच येतायत.”

तिला खोटं पाडायलाच मी उठले. आजींचं मनगट धरलं, नजर छातीवर ठेवली. अर्ध्या मिनिटात सतरा झाले. उरलेलं अर्धं मिनिट मी निव्वळ हट्टाने मोजलं. चौतीस.

“आजी, दम लागतोय का?”

“व्हय की. सकाळधरनं लागतोय. पर तुमी घाईत व्हता.”

डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला. मुलीला पूर्ण गुण दिले आणि माझ्या लाल काटेशेजारी सही केली. मग नवी नोंद करायला पलंगाच्या पायथ्याचा चार्ट मागितला. तो तिच्याच हातात होता. सकाळी सातच्या रकान्यात लिहिलं होतं, श्वास वीस. अक्षर माझं, सही माझी. मला इतकी लाज वाटली, की तिच्याकडे बघवेना.

परीक्षा सुरू झाल्यापासून चार्ट तिच्यासमोरच होता. तिने त्यातले वीस उतरवून घेतले असते, तर मी काही न विचारता तिला पास केलं असतं.