फरशीवरची नावं

अनुयाने मला येऊ दिलं, पण अटी घालून. मी घोळक्याच्या मागे राहायचं, तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, ती अडली तर शब्द पुरवायचा नाही, आणि मी तिची आई आहे हे कुणालाही कळता कामा नये.

"आणि खोकायचं पण नाही," ती म्हणाली. "तुझा खोकला मला लगेच कळते." ती इथेच वाढलेली, मराठीत तिचं 'कळतो'चं अजून 'कळते' होतं.

आज तिची चाचणी होती. आमचं हॅझलफर्ड इंग्लंडच्या दक्षिणेतलं लहानसं गाव. समुद्राकडे जाणारे लोक इथे चहापुरते थांबतात. जुन्या इमारतींची काळजी घेणारी एक संस्था दर रविवारी त्यांना गावातून पायी फिरवते. नव्या गाइडला आधी एक फेरी परीक्षकासमोर करून दाखवावी लागते. जमली तर ईस्टरपासून रविवार तिचे. नाही जमली तर पुढच्या वर्षी पुन्हा यावं. पण अनुया पुन्हा येणार नाही, हे मला माहीत होतं.

ती कार्डिफला आर्किटेक्चर शिकत होती. दुसऱ्या वर्षी स्वतःचं डिझाइन समजावून सांगताना भरल्या खोलीत तिचा आवाज मधेच थांबला. परीक्षक वाट बघत राहिले, मुलं खाली बघत राहिली, आणि ती कागद तिथेच टाकून निघाली ती थेट घरी आली. त्यानंतर घराबाहेर ती बोलेनाशी झाली. दुकानात कार्ड पुढे करायची, फोन मला द्यायची. माझा नवरा श्रीनिवास म्हणायचा, "तिला वेळ दे." हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना त्याचा जो आवाज असतो, अगदी तोच. मला तेव्हा त्याचा फार राग यायचा.

मग ती एकटीच गावात फिरायला लागली. संध्याकाळी जेवताना सांगायची, आज बँकेच्या वर बघितलं, तिथे खिडकीच्या जागी विटा भरल्यात, कारण पूर्वी खिडक्यांवर कर होता. आम्ही इथे इतकी वर्षं राहतोय, पण मी त्या बँकेच्या वर कधी पाहिलं नव्हतं. संस्थेला तिनेच ईमेल केली. मला नंतर सांगितलं.

परीक्षक मिस्टर पेनफोल्ड इमारती तपासणारे निवृत्त सर्व्हेअर, उंच, कोटाला गळ्यापर्यंत बटणं. घोळक्यात आम्ही सातआठ जण. त्यात तपकिरी टोपीवाला एक गृहस्थ होता, निरुपद्रवी पण तोंडाळ.

बाजारघरापाशी अनुयाचं पहिलं वाक्य आलं, तेव्हा मी खिशात रुमाल मुठीत आवळला होता. आवाज बारीक होता, पण येत होता. विटांच्या दिसणाऱ्या एका घरासमोर ती म्हणाली, "ठोकून बघा." टोपीवाल्याने बोटाने ठोकलं. आतून पोकळ आवाज आला. त्या विटा नव्हत्याच, लाकडी घरावर चढवलेली कौलं होती.

"बनवाबनवी," तो म्हणाला. "बरं, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"को-ऑप दुकानाच्या मागच्या गल्लीतली."

लोक हसले. मी हसले नाही, अटींमध्ये बसतं की नाही ते ठाऊक नव्हतं.

शेवटचा टप्पा चर्चचा. आत थंडी आणि मेणाचा वास. मधल्या वाटेवर फरशी अशी नाहीच, सगळे थडग्यांचे सपाट दगड, एकाला एक लागून, प्रत्येकावर कोरलेली नावं. पेनफोल्डनी हात केला. "मधे उभ्या राहा, त्या काळ्या दगडावर. गाइड नेहमी तिथेच उभा राहतो. आवाज नीट पोचतो."

लोक त्या दगडाभोवती जमले. अनुया खांबापाशीच थांबली.

"या ना," पेनफोल्ड म्हणाले.

ती आली नाही. बोललीही नाही. तिची मान खाली गेली आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासायला लागला. कार्डिफहून आली तेव्हा महिनाभर ती हेच करायची. कुणीतरी घसा खाकरला. पेनफोल्डनी घड्याळ पाहिलं. एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "विसरली वाटतं, बिचारी."

ती विसरली नव्हती. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार कर, कागदाला लागला तर कर, हे मीच तिला रांगत होती तेव्हापासून शिकवलेलं. तिचा पाय त्या नावांवर पडणार नव्हता. मला दोन वाक्यांत ते सांगता आलं असतं. मी शब्द ओठांपर्यंत आणले आणि गिळले. आज मी बोलले, तर तिच्या जागी आयुष्यभर मलाच बोलावं लागेल, असं वाटलं. आणि नाही बोलले तर ती आता कागद टाकून निघेल. दार तिच्या मागेच होतं. तिने एकदा तिकडे पाहिलं.

तिची नजर चुकवायला मी खाली बघितलं. माझा बूट एका नावावर होता. 'मार्था', पुढचं झिजलेलं.

पुढचं मी ठरवून केलं नाही. पाय बाजूला घेतला, वाकले, बोटं दगडाला लावली आणि कपाळाला.

टोपीवाला म्हणाला, "काही पडलं का तुमचं?"

मी उत्तर द्यायच्या आत खांबापाशी कुणीतरी फुसकन हसलं.

"काही पडलं नाही तिचं," अनुया म्हणाली. "ती माझी आई आहे. तिचा पाय मार्थावर पडला. आमच्या घरात नावावर पाय देत नाहीत. तुम्ही सगळे आत्ता कुणा ना कुणावर उभे आहात. कडेला, भिंतीपाशी या, म्हणजे मला त्यांच्याबद्दल सांगता येईल."

लोक तापलेल्या तव्यावरून उतरावं तसे भराभर कडेला सरकले. टोपीवाला चवड्यांवर चालत गेला. अनुयाने मार्थाचं सांगितलं, तिच्या शेजारच्या कातडी कमावणाऱ्याचं सांगितलं, काळ्या दगडाखालच्या धर्मगुरूचंही सांगितलं, पण खांबापासूनच. आवाज शेवटपर्यंत पोचला. मी सगळ्यात मागे होते, मला ऐकू येत होतं.

बाहेर आल्यावर पेनफोल्ड म्हणाले, "माहिती उत्तम. पण ठरलेली वाट तुम्ही सोडलीत. मला सही करता येणार नाही."

मी तिच्या कोपराला हात लावला, "चल, घरी जाऊ."

"तू हो पुढे," ती म्हणाली आणि त्यांच्याकडे वळली. "ठरलेली वाट चुकीची आहे. ती अक्षरं बुटांनी झिजतायत. तुम्ही सर्व्हेअर होतात ना, तुम्हाला दिसत नाही?"

मी फाटकापर्यंत गेले. मागून तिचा आवाज येत होता, मग त्यांचा, मग पुन्हा तिचा. मी वळून पाहिलं नाही. घरी पोचून भात टाकला, तो झाला, गार झाला, आणि मग किल्लीचा आवाज आला.

"पुढच्या शनिवारी फक्त चर्च," ती बूट काढत म्हणाली. "माझ्या वाटेने. ते स्वतः कडेने चालून बघणार आहेत."

"मी येऊ?"

"नको. तू नमस्कार करत बसशील." तिने घशाला हात लावला. आवाज पार बसला होता. "आई, काहीतरी गरम दे ना. माझा घसा खूप दुखते."

मी हळद घालून दूध गरम केलं.