बर्फातलं बेअरिंग

आमच्या घरी शुक्रवार म्हणजे रविवार. हे कामाला जायचे त्या आनंदनगरच्या कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी, कारण त्या दिवशी वीजच नसे. आम्ही खरवईला राहायचो, तिथेही सकाळी गेलेली वीज संध्याकाळी उगवायची. हे सगळं तोंडपाठ असलेल्या माणसाने स्कूटरचं बेअरिंग बसवायला नेमका शुक्रवार काढावा, आणि ते गार करायला आदल्या संध्याकाळी शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेवून यावं, याला काय म्हणायचं? सकाळी शेजारीण पिशवी घेऊन दारात. "वहिनी, फ्रीज बंद पडला हो. हे घामेजलंय बघा."

ह्यांचा चेहरा पडला. एरवी मी आठवडाभर चिडवलं असतं. त्या दिवशी तोंड उघडायचा धीर झाला नाही, कारण दुसऱ्या दिवशी ह्यांच्या हाताची परीक्षा होती.

दिवाळीच्या आधी कारखान्यात ह्यांचा उजवा हात प्रेस मशीनखाली सापडला होता. बोटं वाचली. टाके निघाले, डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी दिली. साहेबांनी मात्र अट घातली, शनिवारी प्रेसवर काम करून दाखवा. जमलं तर जुनी जागा, नाहीतर गेटवर वॉचमनची खुर्ची. गेटवरच्या खुर्चीची ह्यांनी अशी धास्ती घेतली होती की जेवताना घास हातात तसाच राहायचा. भेटेल त्याला सांगत सुटायचे, "आता अजिबात दुखत नाही." त्या एका वाक्यावर सासूबाईंनी देवाला नारळसुद्धा फोडला होता.

"साहेबाला दाखवायच्या आधी मला स्वतःला बघायचंय," हे म्हणाले. म्हणून ही नसती उठाठेव.

स्कूटर जुनी, तिचं मॉडेल कधीच बंद झालेलं. बेअरिंग शोधायला आम्ही दोघं उल्हासनगरला कॅम्प चारच्या बाजारात गेलो होतो. तिथल्या सिंधी दुकानदाराने माळ्यावरून धुळकट खोकं काढलं. "साईं, आखरी पीस है. ठोकना मत. चेंबर गरम, बेअरिंग ठंडा, अपने आप बैठेगा." वाटेत मी ह्यांना विचारलं, अपने आप कसं बसेल? ह्यांनी समजावलं. चेंबर म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, ॲल्युमिनियमचं, ते तापलं की त्यातलं भोक फुगतं. पोलादी बेअरिंग गारठलं की आक्रसतं. त्या थोड्या क्षणांत ते सरळ आत सोडायचं आणि कवच त्याला धरेपर्यंत दाबून ठेवायचं. तिरकं गेलं आणि हातोडी मारली, तर कवचाला तडा. मग अख्खं इंजिन भंगारात.

"आता बर्फ कुठून आणायचा?" हे डोकं धरून बसले.

बर्फ मी आणला, बाजारातल्या मासेवालीकडून. माहेरी उन्हाळ्यात पॉटचं आइस्क्रीम व्हायचं, तेव्हा बर्फात खडे मीठ टाकून पॉट फिरवायचं काम माझ्याकडे असायचं. मिठाने बर्फ कसा आणखी गार, चावरा होतो ते मला ठाऊक होतं. बेअरिंगला तेल लावलं, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलं आणि बर्फ-मिठाच्या पातेल्यात पुरलं. घरभर बांगड्याचा वास सुटला.

कवच ह्यांनी आधीच घासूनपुसून, रॉकेलचा मागमूस राहू न देता वाळवलं होतं. ते स्टोव्हवर, तव्यावर ठेवलं. किती तापलं ते मी बघायचं. भाकरीच्या तव्यावर शिंपडावेत तसे पाण्याचे थेंब शिंपडले. थेंब नाचून उडाले.

"झालं. घ्या."

ह्यांनी फडक्याने कवच उचलून पाटावर ठेवलं, बेअरिंग काढलं आणि सोडलं. बोटं वेळेवर सुटली नाहीत. बेअरिंग अर्ध्यात तिरकं अडकलं.

"हातोडी दे!"

"नाही देणार."

"अगं दे म्हणतो ना!"

मी हातोडी पाठीमागे धरून उभी राहिले. लग्न झाल्यापासून हे माझ्यावर इतके कधी ओरडले नव्हते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी स्टोव्हला पंप मारला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कवच पुन्हा तव्यावर ठेवलं. तापल्यावर पाटावर पालथं घालून हलकेच आपटताच बेअरिंग निमूट बाहेर आलं. पुन्हा प्लास्टिक, पुन्हा बर्फ, पुन्हा थेंब.

ह्या वेळी बेअरिंग सरळ उतरलं. तळाशी टेकल्याचा टक् असा आवाज दोघांनीही ऐकला.

"बघ!" हे लहान मुलासारखे हसले. उजव्या हाताने बेअरिंग दाबून धरलं होतं. "बघ, घोडं न्हालं गंगेत! उद्या प्रेसवर दाखवतो एकेकाला!"

मीही हसले. इतक्या दिवसांनी हे हसत होते. मग नाकात एक वास शिरला. बांगड्याचा नव्हता, रॉकेलचा नव्हता. मी खाली बघितलं. ह्यांची शेवटची दोन बोटं बेअरिंगवर नव्हती, तापलेल्या कवचावर टेकलेली होती. आणि हे हसतच होते.

मी मनगट धरून हात ओढला आणि बर्फाच्या पातेल्यात बुडवला. कातडी पांढरी पडून वर आली होती. ह्यांनी बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दुखत नाहीये," हे हळूच म्हणाले.

मी तो हात बर्फात तसाच धरून ठेवला. स्टोव्ह भरभरत होता, तो बंद करायचंही सुचलं नाही.

शनिवारी ह्यांनी परीक्षा दिलीच नाही. पट्टी बांधलेला हात साहेबांपुढे धरला आणि स्वतःच सांगितलं, "ह्या हाताला कळत नाही. प्रेसवर नको." साहेबांनी गेट दिलं. ती स्कूटर पुढे कितीतरी वर्षं ह्यांना गेटपर्यंत नेत राहिली, बेअरिंगने कधी आवाज केला नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी हे घरी आल्यावर मी चहाचा कप पुढे केला. ह्यांनी सवयीने उजवा हात पुढे आणला, थांबले आणि कप डाव्या हाताने घेतला.