आधी बायकोचं नाव सांगा

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात जेवढे संसार मोडता मोडता वाचले, त्यातले निम्मे तरी माझ्या टायपिंग क्लासच्या शेजारच्या खोलीत वाचले, असं मी आजही छातीठोकपणे सांगतो. तिथं आमचे समुपदेशक बसत. तो शब्द तेव्हा कुणाच्या तोंडात बसत नसे. लोक त्यांना 'दारू सोडवणारे डॉक्टर' म्हणत आणि ते भडकत. "डॉक्टर कुठला ओ! मीबी पिणाराच हाय, फक्त आज घेतल्याली न्हाय." तरुणपणी ते इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते. तिथल्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली ती लागलीच. पगार दारूत गेला, बायको कंटाळून बिद्रीला माहेरी गेली, तेव्हा कुठं हे शुद्धीवर आले आणि नीट शिकून याच कामाला लागले. "हितलं बोलणं हितंच ऱ्हाणार, बिनघोर सांगा," हे ते अशा आवाजात सांगत, की खालचा पानवालासुद्धा मान डोलवायचा.

त्यांची पद्धत तर औरच. किती पितोस, चूक कुणाची, काही विचारायचे नाहीत. नवऱ्याला पहिला प्रश्न, "बायकोचं माहेरचं नाव सांगा." लग्नात नाव बदलायची आपल्याकडची रीत, आणि बदललेलं नावही पुढं 'अगं' नाहीतर 'पोरांची आई' यात बुडून जातं. बायकोनं सांगायचं नाही, ही सक्त ताकीद. एकदा एक मिशाळ गडी डोकं खाजवून थकला आणि माझ्या क्लासातल्या फोनवरून त्यानं सासऱ्यालाच विचारलं, "मामा, तुमच्या पोरीचं नाव काय ओ?" सासऱ्याला वाटलं, जावई सकाळीच ढोसून बसलाय; तरी त्यानं नाव सांगितलं. शेजारी उभी असलेली बायको मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. "सुमन व्हय?" समुपदेशक गरजले. "आता घरात हीच हाक मारा. ती 'ओ' देती का बघा, मग दारूचं बोलू."

दुसऱ्यांची घरं लावून देणारा हा माणूस संध्याकाळी आपल्या खोलीला कुलूप घाली आणि उगाचच माझ्या क्लासात येऊन बसे. टायपिंगची शेवटची मुलगी गेली तरी उठत नसे. "लवकर घरी जाऊन काय करू, मास्तर? बोलायला भिंती हायेत." बायकोनं परत यावं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. "आधी मी नीट उभा ऱ्हातो, मग जातो आणायला," म्हणत वर्षं गेली. एवढा गरजणारा माणूस, पण बिद्रीच्या एस.टी.त चढायला पाय धजेना. शेवटी मीच चिडलो. "अख्ख्या गावाला शहाणपण सांगता! जावा की एकदा!"

गेले बिचारे. कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हळू बोलले. दारात उभं राहून त्यांनी तिला माहेरच्या नावानं हाक मारली होती. ती बाहेर आली, पाणी दिलं, समोर बसली. म्हणाली, "तुमी सुधारलासा, लई बरं वाटलं. पन मी हितं सुखात हाय. आता परत न्हाय यायची."

"अहो, मग समजवायचं तिला!" मी म्हणालो. "जगाला समजावता तुम्ही!"

"काय समजवू, मास्तर? ती माझ्याकडं सल्ला मागाय आली असती, तर मीबी तिला हेच सांगितलं असतं."

बाहेर बाकावर एक जोडपं येऊन बसलं होतं. समुपदेशक उठले, तोंडावर पाणी मारलं आणि त्या दोघांना आपल्या खोलीत घेऊन गेले.