उत्तरेश्वरच्या मापाचा दस्ता

"बंदुकीचा दस्ता डोळ्याला नाही, खांद्याला बसावा," असं उत्तरेश्वर येताजाता म्हणायचा. चप्पल घेताना म्हणायचा, जावई बघतानाही म्हणायचा. पलटणीतली सगळी हयात लंगरातल्या चुलीपुढं गेली आणि त्याच्या हातात बंदुकीपेक्षा पळीच जास्त राहिली, हे फक्त सुशीलाबाईला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर तो धायरीत रावसाहेबांच्या सराफी पेढीच्या दारात परवान्याची रायफल घेऊन उभा राहायचा. घर त्याच पगारावर चालायचं. खंडेनवमीला पेढीवर शस्त्रपूजा झाली. नारळ फोडायला दगड सापडेना. फरशीवर आपटला तर संगमरवराला चरा पडेल, म्हणून रावसाहेब म्हणाले, "फोडा की दस्त्यानं. शिपाईगडी ना तुम्ही?" उत्तरेश्वरनं मालकाचा शब्द राखला. नारळ शाबूत राहिला, दस्ता तडकला. तो त्यानं तारेनं आवळून बांधला.

"तारेनं बांधलेली बंदूक बघून चोर हसतील," रावसाहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, जणू नारळ फोडायला चोरांनीच सांगितलं होतं.

त्या जुन्या बनावटीला नवा दस्ता मिळेना. शेवटी तिघं कॅम्पातल्या साईनाथच्या बंदुकीच्या दुकानात गेली. खर्च मालकाचा, म्हणून मालक. नवऱ्याच्या जिभेचा भरवसा नाही, म्हणून सुशीलाबाई. साईनाथनं लष्कराच्या लिलावातले दोन जुने दस्ते काढले. एक अक्रोडाचा, काळाभोर, पितळी चकतीचा. दुसरा ओरखड्यांनी भरलेला. कुण्या शिपायानं पहाऱ्यावर कंटाळून त्यावर चाकूनं बदाम कोरलेला.

"हा," रावसाहेबांनी पितळेवर बोट ठेवलं. "दिव्यात झळकेल."

साईनाथनं तो रिकाम्या रायफलीला जोडून दिला. उत्तरेश्वरनं टोक कोपराच्या बेचक्यात धरलं. बोट चापापर्यंत पोचेना.

"उंच गड्याचा आहे. लष्करात दस्त्यांना मापं असतात," साईनाथ म्हणाला.

मग बदामाचा जोडला. बोट अलगद चापावर टेकलं.

"अहो, तुम्हाला गोळी कुठं झाडायचीय? नुसतं उभं राहायचंय," रावसाहेब म्हणाले.

"मग लग्नातला दरबान आणा, मालक. फेट्यासकट भाड्यानं मिळतो."

सुशीलाबाई पुटपुटली, "अहो, घ्या की लांब. चपातीला कधी एवढं माप नव्हतं तुमच्या."

"म्हणून तर शिव्या खाल्ल्या. जेवणात भागलं, ह्यात भागायचं नाही. चोर आला नि बोट पोचलं नाही, तर आतल्या बायापोरांना काय सांगू? पितळ बघा?"

रावसाहेब शांतपणे म्हणाले, "पितळ नको असेल, तर उद्यापासून येण्याचे कष्टही घेऊ नका."

उत्तरेश्वरनं बदामाचाच दस्ता पक्का बसवून घेतला, पैसे स्वतःच्या खिशातून. रायफल खोळीत घातली, परवाना चाचपला आणि स्वारगेटच्या बसला निघाला. बायकोला "चल" म्हणायचंही राहिलं.

रावसाहेब पितळी चकती रुमालानं पुसत होते. त्यांना बघायला सवड नव्हती. सुशीलाबाई दारात उभी राहून बघत होती. उद्याचा किराणा तिच्या डोक्यात होता, शिवी ओठावर होती. बुटका माणूस गर्दीत लगेच दिसेनासा होतो. खांद्यावरची खोळ मात्र तिला चौकापर्यंत दिसत राहिली.