भरतीला उजवी, ओहोटीला डावी

सातहाती मिस्त्री कोणालाही माफ करत नसत. मेहुण्याने लग्नात त्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं, म्हणून एकोणीस वर्षं ते त्याच्या घरी गेले नाहीत. मेहुणा वारला तेव्हा गेले, पण दाराबाहेरच उभे राहिले. आत बोलवायला त्यानेच यायला हवं होतं, असं म्हणाले.

वर्सोव्याच्या खाडीकाठी शिडाच्या बोटी दुरुस्त करायचं एक आवार आहे. तिथे मी सामानाच्या खोलीवर होतो. बोटींच्या बाहेरच्या सागवानी पट्ट्या मिस्त्रींकडे असत. ऊन आणि खाऱ्या वाऱ्याने राखाडी पडलेलं लाकूड ते गोड्या पाण्याने पुसत, वाळलं की पॉलिश पेपरने घासून तांबूस करत आणि व्हार्निशचे सात हात देत. दोन हातांमध्ये एक पूर्ण दिवस. सकाळी दहानंतर ब्रश नाही. कोणी घाई केली तर म्हणत, "लाकूड काय तुमचो नोकर नाय."

एका बोटीची उजवी बाजू पुरी झाली. सातवा हात ओला असतानाच बोटीच्या मालकाने वरून ताडपत्री ओढली आणि पट्टीला फोड आले. दुसऱ्या दिवशी त्याने भर आवारात मिस्त्रींना सुनावलं, की तू पाचच हात मारलेस, उरलेलं व्हार्निश घरी नेलंस. सात हातांचं व्हार्निश मीच दिलं होतं, रिकामे डबे मीच मोजून घेतले होते. पण मालक आवारवाल्यांचा जवळचा होता. मी वहीत डोकं घालून बसलो.

मिस्त्री भांडले नाहीत. फोड आलेली पट्टी त्यांनी घासून कोरी केली, पुन्हा सात हात दिले आणि पिशवी उचलली. डाव्या बाजूला बोटही लावलं नाही. मालकाने ती दुसऱ्याकडून करून घेतली, दोन दिवसांत तीन हात. एका पावसाळ्यात ती भाजलेल्या वांग्यासारखी सोलून निघाली.

बोट खाडीत नांगराच्या एकाच साखळीवर असायची, पाण्याच्या ओढीबरोबर तोंड फिरवायची. आमच्या काठावरून भरतीला उजवी बाजू दिसे, ओहोटीला डावी. मिस्त्री तिथीवरून ओहोटीची वेळ काढत आणि त्या वेळी चहा घेऊन धक्क्यावर बसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसत्या हनुवटीने ती बोट दाखवत. एवढं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर एरवी कधी पाहिलं नाही. मालक दोनदा विनवायला आला. त्यांची अट एकच होती: जिथे चोर म्हणालास तिथेच, त्याच माणसांसमोर शब्द मागे घे. त्याने घेतला नाही.

मलाही त्यांनी सोडलं नाही. कामापुरतं बोलत. एकदाच म्हणाले, "तुझ्या वहीत सात हात होते मां? मगे तोंडात कित्याक नाय इले?"

पुढे गुडघे गेले आणि ते कणकवलीपलीकडे गावी राहायला गेले. त्या वर्षी मालकाने दोन्ही पट्ट्यांवर पांढरा रंग मारला, मिस्त्रींची बाजूही झाकून टाकली. ते मात्र माझ्याने बघवेना. मी धक्क्यावर, मालकासमोर, मोठ्याने सांगितलं की हात सात होते, डबे मी मोजलेत, फोड तुमच्या ताडपत्रीने आले. मालक लाल झाला. महिन्याभरात माझं तिथलं काम सुटलं. खोटं कशाला सांगू, त्याचा लाल चेहरा आठवला की अजून बरं वाटतं.

मी गावी फोन केला. पांढऱ्या रंगाचं ऐकून मिस्त्री हसले. "रंग मारल्यान? म्हणजे तो हरलो." मग मी माझं सांगितलं.

"किती जण होते थंय?"

"अकरा."

"त्या दिसाक चौदा होते," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी नावं आठवून काढली. त्यांचा आकडा बरोबर होता. तिघं काम सोडून गेले होते. एकाला भांडुपला गाठलं, दुसऱ्याला बोरिवलीला, आणि दोघांनाही समोर बसवून सांगितलं. तिसऱ्याच्या शोधात असतानाच मिस्त्री गेल्याचं कळलं.

तिसरा अजून सापडलेला नाही. तो हे वाचत असेल तर त्याने ऐकावं: हात सात होते. मालक खोटं बोलला, आणि मी गप्प बसलो.