मधुमेहमुक्त वामनभाऊ

वामनभाऊ गेल्याचं मला कळलं ते मोबाइलवर आलेल्या एका फोटोवरून. फोटो सत्काराचा होता. अंगावर शाल, हातात नारळ आणि छातीवरून तिरपा गेलेला पिवळा पट्टा. श्रद्धांजलीसाठी कुणीतरी तोच कापून घेतला होता, आणि कापताना पट्ट्यावरचा ‘मुक्त’ हा शब्द गेला होता... ‘मधुमेह’ तेवढा उरला. दुपारपर्यंत त्याचाच फ्लेक्स सिंदेवाहीच्या चौकात लागला. या बाबतीत आमचं गाव फार तत्पर आहे. त्याला आता दीड महिना होईल.

वामनभाऊ वनरक्षक होते, मी शाळेत मराठी शिकवायचो. सुटीच्या दिवशी ते मला जंगलात न्यायचे. एकदा त्यांनी एका वेलीचं पान मला चघळायला दिलं आणि मग जिभेवर साखर ठेवली. साखर वाळूसारखी लागली. ते गुडमार. मी थक्क झालो तसे ते म्हणाले, “यानं साखर नाई मरत गुरुजी. जीभ मरते. घंटाभरानं वापस येते.” झाडपाल्याबद्दल इतकं नेमकं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. निवृत्तीनंतर त्यांना मधुमेह निघाला, तेव्हा ते सरळ डॉक्टरकडे गेले आणि रोजची गोळी घेऊ लागले. पाला त्यांनी तोंडात घातला नाही.

मग जावयाने चूर्ण आणलं. गडचिरोलीला त्याने एका कंपनीची एजन्सी घेतली होती. डबा हिरवा, झाकणावर ऋषी. जावयाने आणलेली वस्तू परत करायची पद्धत आमच्याकडे नाही, मग ती काहीही असो. वामनभाऊ सकाळी गोळी घेत, चूर्ण घेत आणि तलावापर्यंत चालत. तीन महिन्यांत साखर उतरली. श्रेय अर्थातच डब्याला गेलं. गोळीला आणि तलावाला जावई नव्हता.

कंपनीने सत्कार ठरवला. मानपत्र मी लिहावं असं ठरलं, कारण गावातली मानपत्रं मीच लिहितो आणि नंतर त्यांची टिंगलही मीच करतो. वामनभाऊ घरी आले, चहा अर्धा ठेवून म्हणाले, “गुरुजी, त्यात गोळीचं लिवू नका.”

“काऊन? खोटं होईल ते.”

“खोटं नाई, अर्धं होईल. पोरीचं घर हाये तिथी. जावई म्हणते, गोळीचं नाव निघालं का धंदा बसला.”

मी अर्धं लिहिलं. ‘वनसेवकाला वनदेवतेने दिलेलं आरोग्यदान’ असं काहीतरी त्यात होतं. सभागृहात मीच ते वाचलं. टाळ्या पडल्या, आणि खरं सांगायचं तर मला त्या आवडल्या.

त्यानंतर त्यांची पंचाईत झाली. औषधाचं दुकान चौकात आणि समोरच त्यांच्या सत्काराचा फ्लेक्स. मधुमेहमुक्त माणसाने तिथे जाऊन मधुमेहाची गोळी मागायची कशी? एका गुरुवारी मला ते चंद्रपूरच्या बसस्थानकावर भेटले. “दात दाखवाले आलतो,” म्हणाले. मी विश्वास ठेवला. मी दर गुरुवारी चंद्रपूरला जातो हे त्यांना माहीत होतं. एक शब्द टाकला असता तर मी गोळ्या आणल्या असत्या... पण मानपत्र माझ्याच हातचं होतं. पुढे गुडघे धरले, बसची पायरी चढवेना, चंद्रपूर सुटलं. चप्पल लागून पायाला जखम झाली, ती भरेना. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? वहिनी म्हणाल्या, “त्याईची शुगर तं सुटली होती ना.”

मागच्या आठवड्यात मी वहिनींकडे गेलो होतो. आम्ही वामनभाऊंच्या खोलीत बसलो होतो, तेवढ्यात पलीकडच्या मोहल्ल्यातली एक बाई आली. तिच्या नवऱ्याला नुकताच मधुमेह निघाला होता. “बाई, भाऊचं ते चूर्ण सांगा ना कोनतं. आमच्या घरच्याले गोळ्या बंद कराच्या हायेत.”

वहिनी उठल्या, खुंटीवरचा खाकी शर्ट काढला आणि खिशाचं बटण सोडलं. जंगलात कागदाचा कपटाही टाकायचा नाही, खिशात घालून परत आणायचा, ही भाऊंची नोकरीतली सवय. खिशातून गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली, एकात एक दुमडलेली. घरच्या कचऱ्यात दिसू नयेत म्हणून ठेवलेली. शेवटच्या पाकिटासोबत कागदात गुंडाळलेल्या तीन अर्ध्या गोळ्या होत्या. पुरवून पुरवून खाताना उरलेल्या.

“हे घेत होते ते,” वहिनी म्हणाल्या. “मले बी परवाच भेटलं. संपत आल्या होत्या, अन् गेले.”

बाईने पाकिटं उलटून पाहिली, मग भिंतीवरच्या मानपत्राच्या चौकटीकडे बोट केलं. “मंग त्या कागदावर लिवलं हाये ते?”

“ते मी लिहिलं,” मी म्हणालो. “गोळीचं मीच गाळलं. तुमच्या नवऱ्याची गोळी बंद करू नका.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “तुमी तं गुरुजी ना?” एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर वहिनींनी अर्ध्या गोळ्या पुन्हा कागदात गुंडाळल्या, खिशात घातल्या, बटण लावलं. शर्ट खुंटीवर गेला. “धुवाले नाई टाकत,” त्या म्हणाल्या. मानपत्राची चौकट मात्र त्यांनी उतरवून माझ्या हातात दिली. ती तशीच उघडी हातात धरून मी घरी चालत आलो. चौकातून.